‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’

मोबाइल, संगणक आणि खाजगी जीवन यांचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांतील सज्जन माणसांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : “आम्ही साधी माणसे, फादर. आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?” असे म्हणणारी माणसे प्रामाणिक असतात आणि त्यांच्या सरळपणाबद्दल आम्हाला आदर आहे. तरीही या वाक्यात एक चूक दडलेली आहे असे आम्हाला वाटते. ती कोणती, हे उलगडून सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. आम्ही तंत्रज्ञानाचे तज्ज्ञ नाही. रोजची वर्तमानपत्रे वाचणारा आणि इतरांसारखाच मोबाइल बाळगणारा माणूस जे विचार करतो तेच येथे मांडत आहोत. घटना जगजाहीर आहेत, मते मात्र आमची आहेत.

प्रथम आमचीच चूक सांगतो. २०२० साली टाळेबंदीच्या काळात आम्ही गरजू कुटुंबांना धान्याची पाकिटे वाटली. दात्यांना हिशोब दिसावा, कार्याला प्रोत्साहन मिळावे, या हेतूने वाटपाची छायाचित्रे काढली आणि व्हॉट्सॲपवर पाठवली. हेतू चांगला होता. सुमारे दोन महिन्यांनी त्या छायाचित्रातील एक माउली आमच्या भेटीस आल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या : “फादर, धान्य दीड महिना पुरलं. फोटो अजून फिरतोय. माझ्या माहेरापर्यंत गेला.” आम्हाला उत्तर सुचले नाही. त्या माउलीने लपवण्यासारखे काहीही केले नव्हते. पण जपण्यासारखे काहीतरी त्यांच्यापाशी होते आणि ते आम्ही न विचारता वाटून टाकले होते.

लपवणे आणि जपणे

लपवणे आणि जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण घराच्या खिडकीला पडदा लावतो तो आत चोरीचा माल आहे म्हणून नव्हे. आजारी वडिलांची अवस्था, मुलाची परीक्षेतील नापासी, नवरा-बायकोतील अबोला, डोक्यावरचे कर्ज यांत गुन्हा कोणताच नाही. पण या गोष्टी कोणाला सांगायच्या, कधी सांगायच्या आणि किती सांगायच्या हे ठरवण्याचा अधिकार त्या घराचा असतो. या अधिकारालाच आपण खाजगीपणा म्हणतो. तो हिरावला गेला की माणसाची अब्रू इतरांच्या हाती जाते.

ख्रिस्तसभेला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पापनिवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला कठोर शिक्षा व्हावी, असे १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन महासभेने ठरवले आणि आजच्या धर्मविधिसंहितेतही ती गुप्तता अभंग मानली आहे. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. ही गुप्तता केवळ मोठ्या पापांसाठी नाही. कोणी कितीही क्षुल्लक दोष सांगो, मुद्रा तीच. म्हणजे गुप्ततेचे मोल सांगितलेल्या गोष्टीच्या गंभीरतेवर अवलंबून नाही. सांगणाऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेवर अवलंबून आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ‘गौडियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात मानवी हक्कांची गणना केली, तेव्हा सुकीर्तीच्या हक्काबरोबरच खाजगी जीवनाच्या संरक्षणाचाही उल्लेख केला. तेव्हा सामान्य माणसाच्या घरी संगणक नव्हता.

पाकीट आणि पत्र

आता तंत्रज्ञानाकडे वळू. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून सर्व संदेशांना ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ लावले. याचा सोपा अर्थ असा की पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये संदेशाला कुलूप लागते आणि ते केवळ घेणाऱ्याच्या फोनमध्ये उघडते. मधल्या कोणालाही, अगदी त्या कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. हे संरक्षण खरे आहे, परंतु ते पत्राचे आहे, पाकिटाचे नाही. बंद लखोटा पोस्टात टाकला तरी तो कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला पाठवला हे पोस्टमनला वरून दिसतेच. या वरच्या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात.

पाकिटावरून काय कळणार, असे कोणी विचारील. समजा, एका गृहस्थाने रात्री अकरा वाजता डॉक्टरांना फोन केला, लगेच बहिणीला केला, दुसऱ्या दिवशी कर्करोगाच्या रुग्णालयात केला आणि त्याच संध्याकाळी विमा एजंटाला केला. एक शब्दही न ऐकता आपल्याला त्या घरातील दुःख कळले.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन या तरुणाने जे कागद जगापुढे ठेवले, त्यांचा एक मोठा भाग याच पाकिटांविषयी होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी कंत्राटी काम करणाऱ्या स्नोडेन यांनी दाखवून दिले की व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीला आपल्या ग्राहकांच्या कॉलची नोंद दररोज त्या संस्थेकडे सोपवण्याचा गुप्त न्यायालयीन आदेश होता. संशयित असो वा नसो, सर्वांचीच नोंद. पुढे २०१५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून ही सरसकट साठवण थांबवली आणि २०२० साली तेथील एका संघीय अपील न्यायालयाने तो कार्यक्रम बेकायदेशीर होता असा निर्वाळा दिला. स्नोडेन देशभक्त की देशद्रोही, याचा निकाल आम्ही देणार नाही. पाळतीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या या माणसाला रशियाचा आश्रय घ्यावा लागला आणि २०२२ साली तेथीलच नागरिकत्व मिळाले, हा दैवदुर्विलास मात्र नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

कधी कधी पाळत कोणी ठेवत नाही. आपणच पाऊलखुणा सोडत जातो. ‘स्ट्राव्हा’ नावाचे एक ॲप धावणाऱ्यांच्या व सायकल चालवणाऱ्यांच्या वाटा नोंदवते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने जगभरच्या या वाटांचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर कोणाचेही नाव नव्हते. परंतु जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले की अफगाणिस्तान, सीरिया अशा प्रदेशांत, जेथे चहूकडे काळोख आहे, तेथे मध्येच काही प्रकाशरेषा दिसतात. व्यायामासाठी लष्करी तळाला फेऱ्या घालणाऱ्या सैनिकांच्या त्या वाटा होत्या. शत्रूपासून जपलेली ठिकाणे मनगटावरच्या घड्याळाने सांगून टाकली होती.

नोंदवहीतील एक रकाना

“पण सरकार चांगले असेल तर भय कशाचे?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हाला नेदरलँड्सच्या, म्हणजे हॉलंडच्या, इतिहासात सापडते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हॉलंडमध्ये लोकसंख्येची नोंद अत्यंत व्यवस्थित ठेवली जात असे. नागरिकाच्या नोंदीत त्याच्या धर्माचाही उल्लेख असे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. सुशासनाचीच ती खूण होती. मे १९४० मध्ये नाझी जर्मनीने देश जिंकला आणि ती सुरेख नोंदव्यवस्था आयती त्यांच्या हाती पडली. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंनी स्वतंत्र नोंदणी करावी असा हुकूम निघाला. बहुतेकांनी कायदा पाळणाऱ्या नागरिकांप्रमाणे ती केली. देशातील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक लोक मारले गेले. पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हते. त्याला कारणे अनेक होती, पण अचूक नोंदवही हे त्यांतील एक कारण होते, असे इतिहासकार मानतात.

या कथेचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. २६ जुलै १९४२ रोजी हॉलंडच्या कॅथलिक बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारे पत्र चर्चमधून वाचून दाखवले. त्याचा सूड म्हणून पुढच्याच रविवारी, २ ऑगस्ट रोजी, कॅथलिक झालेल्या ज्यूंची धरपकड झाली. ते कोण व कोठे आहेत हे शोधत बसण्याची आक्रमकांना गरज नव्हती. स्नानसंस्कार झालेला असो वा नसो, वंशाने ज्यू असलेल्यांची नावे सक्तीच्या नोंदणीत आधीच आलेली होती. त्या दिवशी एख्त येथील कार्मेल मठातून सिस्टर तेरेसा बेनेडिक्टा, म्हणजेच एडिथ स्टाइन, आणि त्यांची बहीण रोझा यांना नेण्यात आले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी आउशवित्झ येथे त्यांचा अंत झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली एडिथ स्टाइन यांना संतपद बहाल केले. दरवर्षी ९ ऑगस्टला आपण त्यांचा सण पाळतो, तेव्हा त्या नोंदवहीचीही आठवण ठेवावी.

२७ मार्च १९४३ च्या रात्री काही डच प्रतिकारकांनी पोलिसांचा वेश करून अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात प्रवेश केला व स्फोट घडवून कार्डांना आग लावली. त्यांत चित्रकार व शिल्पकार होते. नोंदींचा थोडाच भाग नष्ट झाला आणि पकडलेल्यांपैकी १२ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. काही कागद जाळता यावेत म्हणून माणसांनी प्राण दिले. आज ती नोंदवही कागदाची नाही. तिच्या प्रती कोठे कोठे आहेत हे कोणीच सांगू शकत नाही. आजच्या सरकारांना नाझींच्या पंगतीला बसवणे हा आमचा हेतू मुळीच नाही. आमचे म्हणणे इतकेच की माहिती गोळा करणारा आणि पुढे ती वापरणारा एकच असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

३३५ आणि साडेपाच लाख

‘माझे मी बघून घेईन’ असेही काही तरुण म्हणतात. त्यांनी २०१८ सालचे केंब्रिज ॲनॅलिटिका प्रकरण आठवावे. फेसबुकवर व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप होते. ते घेणाऱ्याची माहिती तर जाईच, शिवाय त्याच्या मित्रांचीही जाई. जगभरातील सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती अशा रीतीने राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या त्या कंपनीकडे गेली असावी, असे फेसबुकने मान्य केले. भारताचे आकडे तर विचार करायला लावणारे आहेत. ते ॲप घेणारे भारतीय केवळ ३३५ होते. त्यांच्यामुळे ज्यांच्या माहितीवर परिणाम झाला असण्याची शक्यता होती असे भारतीय सुमारे ५ लाख ६२ हजार.

म्हणजे खाजगीपणा ही केवळ आपल्या एकट्याची मालमत्ता नसते. आपल्या फोनमध्ये शेजाऱ्याचा क्रमांक असतो, मामीच्या शस्त्रक्रियेचा अहवाल असतो, भाचीचा प्रथम कम्युनियनचा फोटो असतो. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणून आपण दार उघडतो, तेव्हा आपल्याबरोबर ही सगळी माणसे उघड्यावर येतात. मूळ वाक्यातील चूक आमच्या मते हीच आहे. त्यात ‘मी’ आहे, शेजारी नाही.

आपल्या देशात

खाजगीपणा हा भारतीयाचा मूलभूत हक्क आहे काय, याविषयी आपल्याकडे दीर्घकाळ संदिग्धता होती. १९५४ व १९६२ सालच्या निकालांकडे बोट दाखवून, राज्यघटनेत असा हक्कच नाही, असा युक्तिवाद सरकारतर्फे २०१५ साली करण्यात आला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०१२ साली, आधार योजनेला आव्हान देणारी याचिका केली होती. तिच्यातून निघालेल्या या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला : खाजगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे.

हा हक्क निरंकुश नाही आणि तसा नसावाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत झालेले सात स्फोट आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. गुन्हेगाराचा माग काढण्याचे साधन पोलिसांकडे असलेच पाहिजे. म्हणूनच न्यायालयाने कसोट्या सांगितल्या : हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. एका चोरासाठी साऱ्या गावाची झडती नको, असा याचा सरळ अर्थ आम्ही घेतो.

पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने आधार योजना वैध ठरवली, परंतु तिला मर्यादाही घातल्या. सरकारी अनुदाने व पॅन कार्ड यांसाठी आधार कायम राहिले. बँक खाते व मोबाइल जोडणी यांसाठीची सक्ती रद्द झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यायच्या आहेत. संमती घेऊनच माहिती घ्यावी, ज्या कारणासाठी घेतली त्यासाठीच वापरावी, काम संपल्यावर पुसावी, १८ वर्षांखालील मुलांबाबत पालकांची संमती घ्यावी, ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. मोठ्या कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मोठी मुभाही याच कायद्यात आहे. कुंपण व्यापाऱ्यासाठी भक्कम घातले आणि सरकारसाठी मोठे फाटक ठेवले, असे आमचे मत आहे.

आपण काय करावे?

कायद्याची वाट न पाहता आपल्या हाती असलेल्या गोष्टी आपण आजच करू शकतो. कोणी माहिती मागितली की तीन प्रश्न विचारावेत : कशासाठी? किती? किती काळ? उद्धटपणे नव्हे, पण स्पष्टपणे विचारावेत.

जेथे चालते तेथे आधारची ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. तीत क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. छायाप्रत दिलीच तर तिच्यावर कारण व तारीख लिहावी. मुलांचे फोटो नाव, शाळा व गणवेशासह जगापुढे मांडू नयेत. घरातील वृद्धांना निक्षून सांगावे की ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. असे फोन करणारे भामटे मुलाचे नाव, तो परदेशी कोठे आहे, बँक कोणती, हे सारे सांगतात आणि म्हणूनच आजी-आजोबांना ते खरे वाटतात. ही माहिती बहुधा घराघरांतूनच हळूहळू बाहेर पडलेली असते.

एक गोष्ट विशेषेकरून आपल्या प्रार्थना-गटांसाठी. एखाद्या आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती करताना त्याच्या आजाराचे नाव, रुग्णालय, खाटेचा क्रमांक आणि तपासणीचा अहवाल असे सारे पाठवण्याची प्रथा पडू लागली आहे. त्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु प्रार्थना ऐकणाऱ्याला अहवालाची गरज नसते. ‘आपल्या एका भगिनीसाठी प्रार्थना करा’ एवढे पुरेसे आहे; अधिक सांगायचे तर प्रथम त्या भगिनीला विचारावे.

हे नियम आम्हा धर्मगुरूंनाही लागू आहेत. नोंदी ठेवणे ख्रिस्तसभेला नवे नाही; विवाहाची नोंदवही धर्मग्रामाच्या धर्मगुरूने ठेवावी असे ट्रेंटच्या महासभेने १५६३ सालीच ठरवले होते. धर्मग्रामाच्या नोंदवह्या परक्यांच्या हाती पडू नयेत, असे धर्मविधिसंहिता आजही बजावते. स्नानसंस्काराचे जुने पुस्तक आम्ही कपाटात कुलूपबंद ठेवतो, मागणाऱ्याला त्याच्यापुरता उतारा देतो. मग त्याच कुटुंबांची संगणकावरील यादी मात्र पेन-ड्राइव्हमधून हातोहात फिरावी, हे कसे चालेल?

त्या माउलीच्या भेटीनंतर आमच्याकडे मदतवाटपाची छायाचित्रे काढली जातात ती धान्याच्या पोत्यांची. दात्यांना पावती व हिशोब मिळतो. लाभार्थींची यादी दोघांकडेच असते आणि काम झाले की ती फाडली जाते. आतापर्यंत एकाही दात्याने तक्रार केलेली नाही. जुना फोटो मात्र आम्ही परत आणू शकलो नाही. ज्यांना तो मिळाला होता त्यांना तो पुसून टाकण्याची विनंती केली. अनेकांनी पुसला, काहींनी उत्तर दिले नाही. तो अजूनही कोणाच्या तरी फोनमध्ये असेल.